सदतिसावं गाणं

न्युरेम्बर्गमध्ये खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला चहा दिला आणि विचारलं, "दहापैकी किती?" मी म्हटलं, "छान आहे."

"छान हा आकडा नाही," ते म्हणाले.

दोन हजार सालचा नोव्हेंबर होता, तीन आठवडे मी एका होस्टेलात सहा अनोळखी मुलींबरोबर काढले होते, आणि खोली मिळणार असेल तर त्या चहाला दहापैकी अकरा द्यायची माझी तयारी होती. पण माणूस गंभीर दिसला. मी सात म्हटलं. त्यांनी मान वळवून स्वयंपाकघराकडे आवाज दिला, "सात." आतून बाईंचं उत्तर आलं, "पाहुणी आहे. दोन कमी करून धरा." पाच धरले गेले आणि खोली मला मिळाली. किल्ल्या, सरकारदरबारी पत्ता नोंदवायचा आनमेल्डुंगचा कागद वगैरे किरकोळ गोष्टी नंतर सवडीनं झाल्या.

त्यांना मी काका म्हणू लागले आणि बाईंना काकू. काका भंडाऱ्याजवळच्या एका गावचे. ऐंशी साली मशीनचं शिक्षण घ्यायला म्हणून जर्मनीत आले आणि राहिले. एका मोठ्या कारखान्यात ते क्वालिटीला होते. दिवसभर लोखंडाचे तुकडे मोजायचे आणि पास किंवा नापास म्हणायचं, हे त्यांचं काम. बरेच लोक काम संपल्यावर घरी वेगळे असतात. काका तसे नव्हते. भाजी, पाऊस, डॉक्टर, लग्नाची पत्रिका, सगळ्याला आकडा लागे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एका बाईंनी नाट्यगीत म्हटलं आणि सगळे वा वा म्हणाले, तेव्हा काका उठून त्यांच्याजवळ गेले आणि "साडेतीन" म्हणून परत येऊन बसले. पुढच्या वर्षापासून त्यांना मंडळाचं आमंत्रण येईना. त्यांना ते उशिरा लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर त्यांनी मंडळाला दोन दिले.

आता मुख्य गोष्ट. काकांना अमेरिकन कंट्री गाण्यांचा नाद होता. गिटार, धूळ, ट्रक, रेल्वे, म्हातारी आई आणि दारू सोडायचा बेत, अशी ती गाणी. ते जर्मनीत आले तेव्हा शहरात अमेरिकन सैनिकांची छावणी होती आणि सैनिकांसाठीचं रेडिओ स्टेशन होतं. त्यावर दर आठवड्याला गाजलेल्या चाळीस गाण्यांची यादी लागायची, चाळिसाव्यापासून पहिल्यापर्यंत. काकांना तेव्हा जर्मन येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम होतं, पण उलटे आकडे समजत. ते वहीत लिहून घेऊ लागले. पुढे छावणी उठली, सैनिक गेले, स्टेशनही बदललं. काकांनी वही बंद केली नाही. पुढच्याच रविवारपासून त्यांनी घरातच यादी काढायला सुरुवात केली.

सैनिक निघून जाताना फ्लोहमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, काकांनी एक काउबॉय हॅट घेतली होती. यादी लिहिताना ती डोक्यावर असे. हिवाळ्यात आत माकडटोपी आणि वर हॅट. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काकूंकडे बघितलं. काकू मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "दुसऱ्यांचे नवरे बिअर पितात. हे याद्या करतात. यादीचा वास तर येत नाही."

रविवारी दुपारी चार वाजता सगळ्यांनी बैठकीत जमायचं. सगळे म्हणजे काकू, त्यांची तेरा वर्षांची मुलगी प्रज्ञा आणि आता मी. समोर चिवडा आणि केक. काका नवीन आणलेल्या सीडीतलं एखादं गाणं लावत, दोनदा. मध्ये बोलायचं नाही, चिवडा खायचा नाही, कारण आवाज होतो. मग प्रत्येकानं आकडा सांगायचा. सरासरी काढून गाण्याला यादीत जागा मिळे आणि पट्टीनं रेघा मारलेला तो कागद दाराशी, चपलांच्या रॅकच्या वर लागे. पूर्वी तो जिन्यात लागायचा, पण खालच्या मजल्यावरच्या बाईंनी हे इमारतीच्या नियमांत, म्हणजे हाउसऑर्डनुंगमध्ये, बसत नाही असं लेखी कळवलं. काकांनी हाउसऑर्डनुंग वाचून पाहिली. बाईंचं बरोबर होतं. त्यांनी त्या पत्राला आठ दिले.

प्रज्ञाला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर ती जर्मनमध्येच द्यायची. आकडाही जर्मनमध्ये. शाळेतल्या मैत्रिणींना ती सांगायची की रविवारी चारला तिला पियानोचा क्लास असतो.

मी आले तेव्हा काका अस्वस्थ होते, कारण दशक बदलायचं होतं. सगळ्या जगानं ते एक वर्ष आधीच बदलून घेतलं होतं. काकांचं म्हणणं, दहावं वर्ष पुरं झाल्याशिवाय दशक कसं संपेल. त्यामुळे नवी यादी एक जानेवारी दोन हजार एकला, कोऱ्या कागदावर सुरू होणार होती. एकदा सुरू झाली की दहा वर्षं तीच. आणि इथे त्यांचा एक सिद्धांत होता.

"दशकाच्या सुरुवातीला गर्दी नसते," ते मला म्हणाले. "चाळीस जागा रिकाम्या. कोणीही येते अन् पहिल्या पाचात बसते. मग लोक म्हणतात, काय हिट गाणं होतं. आल्झो, म्हणून पहिल्या वर्षी कडक तपासायचं."

त्या वर्षी त्यांनी खरंच कडक तपासलं. त्यांच्या मते कंट्री गाणी तेव्हा बिघडत चालली होती. गायक दाढी करून येत, ट्रक जाऊन त्याजागी स्विमिंग पूल आले होते. व्हायोलिनं फार वाढली होती. वर्ष संपता संपता, अमेरिकेवर हल्ला झाल्यावर, गाण्यांत झेंडे आले. झेंड्याला वेगळे मार्क नसतात, असं काकांनी आधीच जाहीर करून ठेवलं.

यादी भरत चालली होती, तेव्हा एका संध्याकाळी भांडी पुसताना काकू म्हणाल्या, "त्यांच्याकडे एक कॅसेट आहे."

कॅसेट काकांच्या वडिलांची होती. ते रेल्वेत गँगमन होते आणि त्यांची गायन पार्टी होती. हार्मोनियम, ढोलकी, खंजिरी आणि चार माणसं. जयंतीला आसपासच्या वस्त्यांमध्ये रात्रभर गायचे आणि सकाळी रुळांवर कामाला जायचे. काका जर्मनीला निघायच्या आदल्या आठवड्यात कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणला आणि त्यांचं एक गाणं घरातच भरून घेतलं. दोन वर्षांनी वडील गेले. तेवढं एकच गाणं राहिलं.

"छावणीच्या रेडिओवर त्यांनी पहिल्यांदा ती गाणी ऐकली ना," काकू म्हणाल्या, "तेव्हा त्यांना वाटलं, हे तर बाबांसारखंच आहे. तीन सूर, रेल्वे, अन् पोराला शिकवायची गोष्ट. तेव्हापासून मनात आहे. बाबा यादीत यावेत. पण स्वतःच्या वडिलांचं गाणं सुचवता येत नाही, अन् त्याला आकडाही देता येत नाही. नियम."

"मग तुम्ही का नाही सुचवत?"

काकूंनी ताट निथळत ठेवलं. "मी सुचवलं तर मला आकडा सांगावा लागेल. सासरे बेसूर होते."

मला तेव्हा पंचविसावं वर्ष होतं आणि मी स्वतःला चांगली समजत असे. पुढच्या रविवारी मी कॅसेट सुचवली. कपाटातून कॅसेट काढायला काकांना अजिबात वेळ लागला नाही, एवढंच माझ्या लक्षात आलं. त्यांनी गाणं दोनदा लावलं. ते खिडकीशी उभे होते, हॅट हातात. मी सगळा वेळ त्यांच्याकडे बघत होते. टेप थांबली. काकू म्हणाल्या, "मला या वेळी सोडा." मी म्हटलं, "नऊ."

"नऊ?"

"हो. खूप छान— म्हणजे, नऊ."

"दुसऱ्या कडव्यात काय आहे?"

मला सांगता येईना. दुसरं कडवं चालू असताना मी त्यांची मान बघत होते. ती थोडी हलत होती. काकांनी वहीत माझ्या नावापुढे रेघ मारली आणि 'नापास' लिहिलं. गाणं नापास नव्हतं, मी नापास होते. माझा मताचा हक्क दशक संपेपर्यंत गेला. मी हसले. ते हसले नाहीत. मी हिशेब केला तर दशक संपायला सव्वानऊ वर्षं होती.

मग ते प्रज्ञाकडे वळले. तिनं खांदे उडवले आणि म्हणाली, "फिअर." म्हणजे चार. का, असं त्यांनी विचारलं. ती जर्मनमध्ये म्हणाली की सुरुवात बरी आहे, हातोड्याची गोष्ट चांगली आहे, पण शेवट फार लांबवलाय, आणि मध्ये कोणीतरी खोकतंय.

"तो मी आहे," काका म्हणाले. "मीच खोकलो होतो."

"त्याचा एक मार्क गेला," प्रज्ञा म्हणाली.

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका म्हणाले. त्यांनी हॅट डोक्यावर चढवली, रेघ मारली आणि लिहिलं. चारच्या हिशेबानं जागा आली सदतिसावी. मी माणसाला इतकं खूश फार वेळा पाहिलेलं नाही. त्यांनी केकचा दुसरा तुकडा घेतला, जो ते कधी घेत नसत. मला वाईट वाटत होतं. माझ्या नवाला कोणी विचारलं नव्हतं आणि त्या पोरीच्या चारनं वीस वर्षांचं काम झालं होतं.

पाच वाजता त्यांनी भंडाऱ्याला मोठ्या भावाला फोन केला. "बाबा सदतीस नंबरला आले." लाइन खराब होती, भावाला एवढंच ऐकू गेलं की जर्मनीत, यादीत, सदतीस. भाऊ उत्साही माणूस होता. आठ दिवसांत त्यानं पेंटरकडून कापडी बॅनर रंगवून घेतला आणि वस्तीच्या तोंडाशी लावला. वडिलांचा हार्मोनियमवरचा फोटो, निळी किनार, आणि अक्षरं: जर्मनीच्या गाण्यांच्या यादीत ३७ वा क्रमांक. सरपंच येऊन गेले. एका स्थानिक पेपरात चार ओळी आल्या.

हे कळल्यावर काका दोन दिवस जेवले नाहीत. आयुष्यभर चुकीचं माप त्यांनी सही करून पुढे जाऊ दिलं नव्हतं, आणि आता त्यांच्या बापाच्या फोटोखालीच चुकीचं माप लागलं होतं. "खाली लिही ना, घरातली यादी म्हणून," ते भावाला म्हणाले. भाऊ म्हणाला, खाली जागा नाही, खाली शुभेच्छुकांची नावं आहेत. शेवटी त्यांनी आईला खरं सांगायचं ठरवलं. आई ऐंशीच्या घरात होती आणि वस्तीतल्या बाया रोज बॅनर बघून तिच्या पाया पडायला येत होत्या. फोन स्पीकरवर होता. काकू, प्रज्ञा आणि मी आपापल्या जागी गोठून उभ्या होतो.

"आई, हे जर्मनीत नाही. आमच्या घरातली यादी आहे. आम्ही घरचेच बसतो अन् नंबर देतो."

"बरं," आई म्हणाली. "मंग तुहं घर कुठं आहे?"

"न्युरेम्बर्गले."

"ते कुठं आहे?"

"जर्मनीत."

"मंग?"

काकांनी फोन ठेवला आणि संध्याकाळभर खुर्चीत बसून राहिले. झोपायच्या आधी काकूंना म्हणाले, "चूक सापडत नाही."

त्यानंतर आई दर रविवारी पाचला फोनची वाट बघू लागली. तिचा एकच प्रश्न, "कितवं?" त्या वेळी काका पट्टी घेऊन रेघा मारत असत, काकू चहा टाकत असत, म्हणून फोनवर प्रज्ञा असे. आजीला जर्मन येत नव्हतं. प्रज्ञाला आकडा मराठीत सांगणं भाग होतं. पहिल्या रविवारी ती चिठ्ठीवर लिहून घेऊन म्हणाली, "सदतीस, आजी." पुढं गाणं घसरत गेलं, कारण नवी गाणी वर येऊन बसत होती. अडतीस. एकोणचाळीस, हा तिला दोन रविवार पाठ करावा लागला. मग चाळीस.

चाळीसच्या पुढे यादी नव्हती. एखादं पाच मार्कांचं गाणं आलं की बाबा बाहेर. पाच मार्क सहज मिळतील अशी सीडी काकांच्या टेबलावर येऊन पडली होती, मी पाहिली होती. ती न लावणं हा अन्याय झाला असता. शनिवारी ते दाराजवळ मेझरिंग टेप घेऊन भिंत मोजत होते. काकू लांबून बघत होत्या.

रविवारी त्यांनी सीडी लावली. गाण्याला साडेपाच मिळाले आणि ते वर गेलं. मग काकांनी यादी लावली. कागद खाली लांब झाला होता. त्यावर पन्नास रेघा होत्या.

"चाळीसच असावीत असा नियम नव्हता," ते कोणी न विचारता म्हणाले. "रेडिओवाल्यांचा होता."

काकू उठल्या, चपलांचा रॅक एक वीत बाजूला सरकवला आणि परत येऊन बसल्या. पाचला फोन लावला. प्रज्ञा म्हणाली, "एक्केचाळीस, आजी."

काका कधी खोटं बोलले नाहीत. ते फक्त भिंत वापरत गेले. पन्नासाच्या साठ झाल्या, साठाच्या ऐंशी. रॅक सरकत सरकत स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. दोन हजार चार साली मला कार्ल्सरूहेला नोकरी लागली आणि मी तिथून निघाले, तेव्हा बाबा अडुसष्टावर होते आणि प्रज्ञा तो आकडा झोपेतही सांगू शकली असती.

पुन्हा गेले ती दोन हजार नऊच्या शरदात. पाच वर्षं. कार्ल्सरूहेहून न्युरेम्बर्ग काही फार लांब नाही, मला जाता आलं असतं. नवी नोकरी, घर, लग्न, कारणं नेहमीची. दारातून आत शिरले तर कागद जमिनीला टेकला होता आणि शेवटची रेघ वाचायला उकिडवं बसावं लागत होतं. एकशे बारा, बाबांचं गाणं.

"आजी कशा आहेत?" मी विचारलं.

"गेली," काका म्हणाले. "मागच्या वर्षी."

मी उकिडवीच राहिले. मग यादी अजून लांब का, हे विचारायचं होतं, पण न विचारण्याची अक्कल आता आली होती.

प्रज्ञा घरी होती. बावीस वर्षांची, उंच, म्युनिकला शिकत होती. काकू चहा घेऊन आल्या आणि मी न विचारता म्हटलं, "सहा." काका माझ्याकडे बघत राहिले. मग काकू म्हणाल्या, "अहो, आता तरी तिची शिक्षा माफ करा. नवा कान आलाय घरात."

हे नवा कान प्रकरण मला माहीत नव्हतं. काकूंनी सांगितलं. एकदा आकडा लागलेलं गाणं पुन्हा तपासायचं तर नवा कान, म्हणजे ज्याचा आकडा त्या गाण्याला अजून धरलेला नाही असा माणूस, लागतो, हा नियम होता. मधल्या वर्षांत पुष्कळ पाहुणे आले, पण सगळे छान म्हणणारे निघाले. म्हणजे मी दोन वर्षं आधी, आजी असताना, आले असते तर. मला ते आजही टोचतं.

"माफी नाही," काका म्हणाले. "नापास झालेलं माप माफ करत नाहीत. पुन्हा तपासतात."

त्यांनी माझी तपासणी घेतली. एक अनोळखी गाणं लावलं आणि दुसऱ्या कडव्यात काय आहे ते विचारलं. मी सांगितलं, तो माणूस भावाच्या घरापर्यंत जातो आणि बेल न वाजवता परत येतो. काकांनी जुनी वही काढली, माझ्या नावापुढची रेघ दाखवली आणि शेजारी 'पास' लिहून सही केली. मग कॅसेट लावली.

या वेळी मी डोळे मिटून ऐकलं. म्हातारा खरंच बेसूर होता. पहिल्या कडव्यात हातोडा होता. दुसऱ्या कडव्यात तो म्हणत होता की मी रूळ सरळ केला, त्यावरून गाडी गेली, गाडीत माझा पोरगा बसला, आता गाडी कुठं जाते ते मला विचारू नका. तिथंच कोणीतरी खोकलं. कोरड्या घशाचा नव्हता तो खोकला. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा दुसरं काही करू शकत नाही, म्हणून खोकतो, तसा होता.

"सहा," मी म्हटलं. "शेवट लांबलाय."

"पाच," काकू म्हणाल्या. काकांनी दचकून वर पाहिलं. इतक्या वर्षांत काकूंनी या गाण्याला आकडा दिला नव्हता. "सूर सुटतो. पण भीत नाहीत."

प्रज्ञा जर्मनमध्ये पाच म्हणाली. मग म्हणाली की खोकल्याचा मार्क ती परत देते.

काकांनी सरासरी काढली, पुन्हा तपासली, वरून खाली बोट फिरवत गेले आणि एका जागी थांबले. कात्रीनं तळाची पट्टी कापली. नव्या जागी नाव लिहायला त्यांना उकिडवं बसावं लागलं नाही, उभ्यानं लिहिता आलं.

प्रज्ञानं पुढे होऊन आकडा वाचला, जर्मनमध्ये. मग आईला विचारलं, "मराठीत?" तिला सदतीसपासून एकशे बारापर्यंतचे आकडे घडाघडा येत होते. यादीत सदतीसच्या वरचे कधी लागलेच नव्हते.

"चौतीस," काकू म्हणाल्या.

"चौतीस," ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली, तोंडात बसवल्यासारखं.

पाच वाजले होते. तिनं स्वतःच भंडाऱ्याचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. "मोठे बाबा, चौतीस."

तिकडून काकांचे भाऊ म्हणाले, "आईले आवडलं असतं." आणि घसा साफ करून म्हणाले, "मंग बॅनर लावू का नवीन?"

प्रज्ञानं वडिलांकडे पाहिलं. काकांनी हॅट काढून रॅकवर ठेवली आणि फोनजवळ वाकले.

"लाव," ते म्हणाले. "पण शुभेच्छुक नको. खाली लिही, आमच्या घरी. मोठ्या अक्षरात."